रद्दी विकण्याआधी

घरच्या घरी हातकाम : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात करवंट्या घासून त्यांचे तराजू केले. या आठवड्याचं साहित्य त्याहून सोपं आहे : घरातली रद्दी. दुकानात जायला नको, रंगही नकोत. अट एकच. पहिली दहा मिनिटं काहीही ‘बनवायचं’ नाही, कागद नुसता फाडायचा.

मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं एक पान मुलाच्या हातात द्या आणि मजकुराच्या स्तंभाला धरून वरून खाली पट्टी फाडायला सांगा. पट्टी बऱ्यापैकी सरळ निघते. आता तेच पान डावीकडून उजवीकडे फाडू द्या. फाट वाकडी होते, मधेच खाली घसरते, पट्टीचं टोक निमुळतं होऊन तुटतं. मूल म्हणेल, ‘मला नीट जमलं नाही.’ लगेच समजावत बसू नका. तुम्ही फाडून बघा, आजीला फाडायला सांगा. सगळ्यांचीच आडवी पट्टी बिघडली की दोष हाताचा नाही, कागदातच काहीतरी आहे, हे त्याचं त्यालाच उमगतं.

कागदात असतं ते असं. कागद गिरणीत लाकडाचा किंवा जुन्या कागदाचा पातळ लगदा वेगाने धावणाऱ्या जाळीवर सोडतात. पाणी खाली गळून जातं आणि लगद्यातले बहुतेक तंतू जाळी ज्या दिशेने धावते, त्याच दिशेला लांब होऊन पडतात. छपाईच्या यंत्रातून रीळही त्याच दिशेने पळतं. त्यामुळे मोठ्या वर्तमानपत्रात तंतू स्तंभांबरोबर वरून खाली असतात. उभं फाडताना फाट तंतूंच्या मधून वाट काढते. आडवं फाडताना तंतू तोडावे लागतात, मग ती जिथे सोपं जाईल तिकडे वळते. घरात लहान आकाराचं वर्तमानपत्र येत असेल तर तेही दोन्ही बाजूंनी फाडून पाहा. तिथे काय होतं ते मी सांगत नाही. मुलं शोधतील.

हीच गोष्ट पाण्याने तपासता येते. वहीच्या पानाचा चार बोटं रुंदीचा चौकोन परातीतल्या पाण्यावर अलगद ठेवा. क्षणात त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा वर वळतात आणि कागद नळी होऊ पाहतो. तंतू भिजले की जाडीत फुगतात, लांबीत जेमतेम वाढतात. खालची बाजू आधी भिजते, म्हणून तीच आधी पसरते आणि कोरड्या बाजूला वाकवते. नळी ज्या दिशेला लांब, ती तंतूंची दिशा. थोड्या वेळाने वरची बाजूही भिजते आणि कागद पुन्हा सपाट होतो. मुलं हा खेळ वही संपेपर्यंत खेळू शकतात, तेव्हा पानं मोजून द्या.

आता बनवायला घेऊ. पहिली वस्तू कागदाची काठी. वर्तमानपत्राचं एकच पान घ्या. त्याच्या उभ्या कडेवर विणकामाची जाड सुई ठेवा आणि कागद सुईभोवती घट्ट गुंडाळत न्या. शेवटच्या कडेला खळ लावून चिकटवा, सुई ओढून काढा. अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीची काठी मिळते. दुसरं पान आडव्या कडेने गुंडाळून बघा : कागद उलगडू पाहतो, गुंडाळी सैल राहते. तंतू काठीच्या लांबीला समांतर असले की कागद सहज वळतो आणि काठीही ताठ राहते. फाडताना सापडलेली दिशा इथे पहिल्यांदा कामाला आली.

अशा पाच-सहा काठ्या झाल्या की चार काठ्या ३५ सेंटिमीटरच्या कापा. टोकं चपटी करून दाभणाने भोकं पाडा, दोऱ्याने चौकोन बांधा आणि उभा धरून कोपऱ्यावर दाबा. चौकोन लगेच कलंडतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी पाचवी काठी बांधा. ती सुमारे ५० सेंटिमीटरची लागेल, म्हणजे जवळजवळ पूर्ण लांबीची. तीच चौकट आता हलत नाही, कारण तिचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी ठरली की कोन बदलायला जागाच उरत नाही. रेल्वेचा लोखंडी पूल, विजेच्या तारांचे मनोरे, मांडवाचे बांबू यांत तिरप्या पट्ट्या का असतात, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

हा खेळ आपल्याकडे घरोघर पोचवणारा माणूस म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा अभियंता पुण्यात टेल्को या मोटार कंपनीत नोकरीला होता. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात शाळांच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घन अशा आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि ती सगळ्यांना फुकट पाहता येतील अशी ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत मूल आधी वस्तूशी झटापट करतं आणि नियम त्याला नंतर भेटतो. आपणही रद्दीशी तेच करतो आहोत.

वर खळीचा उल्लेख आला. ती घरीच करा. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. दीड वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरं पातळ पाणी हळूहळू घट्ट होतं, त्याला किंचित पारदर्शक चमक येते. मैद्यातले पिष्टाचे कण गरम पाणी शोषून फुगतात, त्याचा हा परिणाम. गॅसजवळचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी गार कालवण ढवळायचं. पुस्तकबांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको. झाकून फ्रीजमध्ये ठेवली तर साधी खळ दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

दुसरी वस्तू वाटी. स्टीलची वाटी पालथी घालून तिला बाहेरून तेलाचं बोट फिरवा. पहिला थर फक्त पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे तो भांड्याला चिकटत नाही. त्यानंतर खळीत बुडवून निथळलेल्या पट्ट्या. पट्ट्या उभ्याच फाडायच्या, हे आता मुलं तुम्हाला सांगतील. खरी युक्ती पुढे आहे : एक थर एका दिशेने, त्यावरचा आडव्या दिशेने. प्लायवूडमध्येही लाकडाचे पातळ पापुद्रे असेच आलटून पालटून चिकटवतात. एका थराची दुबळी दिशा दुसरा थर सांभाळतो. पाच-सहा थर पुरे. वाटी सावलीत सुकू द्या आणि कडक झाली की भांड्यावरून सोडवून घ्या. पावसाळ्यात एका वेळी दोनच थर द्या आणि पंख्याखाली ठेवा, नाहीतर आतला कागद ओला राहून बुरशी धरतो.

घरात आजी असेल तर हे काम तिच्यासमोर करा. गावाकडच्या घरांत कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करण्याची जुनी रीत आहे. कागद काही दिवस भिजत घालायचा, भिजवलेल्या मेथ्यांबरोबर उखळात कुटायचा आणि तो लगदा पालथ्या भांड्यावर किंवा जुन्या टोपलीवर थापायचा. मेथ्या बुळबुळीत होऊन कागदाला धरून ठेवतात आणि त्यांच्या कडवटपणामुळे कीडही लांब राहते. लगद्यात तंतू कुठल्याच एका दिशेला राहत नाहीत, सगळीकडे विखुरतात. म्हणून तिथे थरांची दिशा सांभाळावी लागत नाही. चिकट करण्याचं आणि ताकद देण्याचं काम आजीने एका कुटण्यात उरकलेलं असतं.

एक सावधगिरी मात्र हवी. छपाईच्या शाईचा अंश अन्नात जाणं आरोग्याला अपायकारक आहे, म्हणूनच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं. आपल्या वाटीत बटणं, गोट्या, रबरबँड ठेवा, चिवडा नको. काम संपल्यावर साबणाने हात धुवा.

वयाप्रमाणे काम वाटून द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला फाडणं आणि भिजवणं पुरतं. त्यात बोटांना भरपूर व्यायाम आहे. सहा-सात वर्षांचं मूल काठी गुंडाळतं, थर देतं. दहाच्या पुढचं मूल मोजून कापेल आणि पूल बांधेल, दाभण मात्र तुमच्या देखरेखीखाली. वाटीची कड वेडीवाकडी झाली तरी मूल झोपल्यावर कात्री घेऊन ती सारखी करायला बसू नका. सकाळी त्याला ती दुरुस्ती ओळखू येते आणि पुढच्या वेळी ते हात आखडतं.

या आठवड्याचा गृहपाठ : चार काठ्या आणि दोरा वापरून दोन खुर्च्यांमध्ये पूल बांधा आणि त्यावर किती पुस्तकं राहतात ते मोजा. मग त्याच मापाच्या चार काठ्या आडव्या कडेने गुंडाळून दुसरा पूल बांधा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मुलांच्या हातून वहीत लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात जुन्या कापडाची दिशा पाहू. त्यासाठी एक फाटका सुती पंचा राखून ठेवा.