सणाचा टीव्ही आणि आपला हक्क

सणासुदीच्या दिवसांत आपल्या वस्तीत सर्वांत जास्त वेळ कोण बोलतो? भन्तेजी नाहीत, कार्यकर्ता नाही, घरातली जाणती माणसेही नाहीत. बोलतो तो टीव्ही. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत तो बोलत असतो आणि आपण ऐकत असतो. जळगाव असो की धुळे, पत्र्याच्या घरावरही आज फ्री डिशची छत्री दिसते. कष्टकऱ्याच्या घरात करमणूक आली याचे आम्हाला वाईट वाटत नाही. पण त्या छत्रीतून सणाच्या दिवशी घरात काय उतरते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

दसऱ्याचाच दिवस घ्या. आपल्यासाठी ही अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच तिथीला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. खान्देशातून दरवर्षी माणसे दीक्षाभूमीवर जातात. ज्यांना मजुरीमुळे, आजारपणामुळे जाता येत नाही, ती घरी टीव्ही लावून बसतात. कोर्टाला सुट्टी असल्याने आम्हीही सकाळपासून रात्रीपर्यंत एक दसरा टीव्हीसमोर काढला.

सकाळ राशीभविष्याने उजाडते. कोणत्या राशीने कोणत्या रंगाचे कपडे घालावेत, गाडी किती वाजून किती मिनिटांनी घ्यावी, हे सांगणारे गुरुजी एका वाहिनीवरून उठले की दुसरीवर तसेच दुसरे बसलेले. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, हे वाक्य तर दिवसभरात इतक्या वेळा कानावर पडते की पाचवीतल्या पोराचेही ते पाठ व्हावे. त्या पोराला बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत का, हे विचारणारा मात्र घरात कोणी नसतो.

दुपारी बातम्यांत आपले जळगाव येते. सुवर्णनगरी! सराफ बाजारातली गर्दी, काचेच्या पेटीतले हार, तोळ्याचा भाव. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. तरी निवेदिका विचारते, यंदा किती सोने घेतले? हा प्रश्न कोणाला आहे? याच जिल्ह्यात त्याच दिवशी कापसाच्या शेतात बायका वाकून वेचणी करत असतात. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने पिके झोपली होती. त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले आणि पुढे ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला, पण तो पदरात पडत नाही ही शेतकऱ्यांची ओरड. सराफ बाजारात कॅमेरा जातो. वेचणीच्या शेतात का जात नाही? ज्याच्याकडे विकत घेण्याची ऐपत आहे, त्याचाच सण टीव्हीला दिसतो, हे त्याचे कारण आहे.

संध्याकाळी रावणदहन. त्याच दिवशी नागपूर शहरात दोन कार्यक्रम असतात, एक रेशीमबागेत आणि एक दीक्षाभूमीवर. ३ ऑक्टोबर २०१४ च्या विजयादशमीला सरकारी दूरदर्शनने सरसंघचालकांचे भाषण थेट दाखवले आणि त्यावरून देशभर वाद झाला. संघाने भाषण करू नये असे आम्ही म्हणत नाही. जनतेच्या पैशावर चालणारा कॅमेरा कोणाकडे वळतो, हा आमचा प्रश्न आहे.

पण आमच्या मते सर्वांत घातक वेळ या साऱ्याहून वेगळी आहे. ती भर दुपारची आणि अपरात्रीची. जाहिरातदार विकत घेतात ती वेळ. एक माणूस रडत सांगतो, कर्जात बुडालो होतो. मग यंत्र येते, लॉकेट येते, कवच येते. आठ दिवसांत धंदा चालू, मुलीचे लग्न ठरले, दवाखाना सुटला. खाली फोन नंबर. सणानिमित्त खास सवलत! घरातले कर्ते पुरुष कामावर गेलेले असतात. टीव्हीसमोर असते ती आजारी सासू, कर्जाच्या हप्त्याने हैराण झालेली सून, नोकरी न लागलेला तरुण. नेमक्या त्यांच्याच दुःखाला गळ टाकलेला असतो. वेचणीच्या मजुरीतून साठवलेले पैसे पत्र्याच्या एका तुकड्यावर जातात. याला श्रद्धा म्हणायचे की लूट?

बांधवांनो, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्याच कायद्याच्या आधारे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला की, दैवी किंवा चमत्कारिक शक्तीचा दावा करून टीव्हीवर अशी यंत्रे विकणे बेकायदा आहे. विकणारा तर दोषी आहेच, पण जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार धरली जाते. अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत कक्ष उभारण्याचे आदेशही न्यायालयाने दिले. ही याचिका एका शिक्षकाने केली होती, आणि आपले जळगाव व धुळे हे दोन्ही जिल्हे याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एवढे हत्यार हातात असताना आपण नुसते चॅनल बदलतो!

केबल टीव्हीचा कायदा तर १९९५ चा आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवता येणार नाही, असे त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. वस्तूत चमत्कारिक गुण असल्याचा भास निर्माण करणारी जाहिरातही चालत नाही. दूरदर्शनच्या बाबतीत प्रसारभारती कायद्याच्या कलम १२ ने सामाजिक न्यायाला चालना देणे आणि अस्पृश्यता, विषमता, शोषण यांच्याविरुद्ध लढणे हे कर्तव्यच ठरवून दिले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. म्हणजे आपल्या घरात येणारी वाहिनी आपल्यावर उपकार करत नाही. ती आपली मालमत्ता वापरते आहे.

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहिन्यांनी रोज तीस मिनिटे लोकहिताचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. त्यासाठी दिलेल्या विषयांत शेती आहे, आरोग्य आहे आणि दुर्बल घटकांचे कल्याणही आहे. दाखवण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणू नये. बाबासाहेब १९३७ मध्ये कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो माणसे जमतात. हा सण नाही का? २०१४ मध्ये श्याम बेनेगलांनी राज्यसभा टीव्हीसाठी ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका केली. २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरची मराठी मालिका खासगी वाहिनीवर आली आणि आपल्या वस्त्यांनी ती वेळ साधून पाहिली. तेव्हा प्रेक्षक नाही ही सबब खोटी आहे.

आता करायचे काय? टीव्ही फोडायचा नाही. वही काढायची. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, जाहिरातीतला दावा आणि पडद्यावरचा फोन नंबर लिहायचा. मोबाईलवर चित्रण करून ठेवायचे. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीला तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निर्णय पंधरा दिवसांत द्यावा लागतो. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येते. केबलच्या बाबतीत जिल्हाधिकारी हे कायद्याने अधिकृत अधिकारी आहेत. यंत्र विकून फसवणूक झाली असेल तर जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तो कोण, हे ठाण्यात विचारा. फसवणूक झालेल्या बाईला हसू नका, तिच्यासोबत ठाण्यात जा.

एका माणसाची तक्रार टोपलीत जाते, हे आम्ही जाणतो. पण एकाच जाहिरातीविरुद्ध जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर इथून शंभर अर्ज गेले तर ते टोपलीत मावणार नाहीत. आपल्या बुद्धविहारांत वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन होते. वर्षावास संपताना, दिवाळीच्या तोंडावर, एक रविवार या अर्जांसाठी द्यावा. शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहावेत, बायाबापड्यांनी आपले अनुभव सांगावेत. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१ क ने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते सणाच्या दिवशीही लागू असते.

येत्या दसऱ्याला टीव्ही जरूर लावा. शेजारी वही आणि पेन ठेवा.