मक्याच्या खोऱ्यातून पॅसिफिकच्या काठापर्यंत : दक्षिण मेक्सिकोचा पंधरवडा

मेक्सिको दक्षिणेकडे अरुंद होत जातो आणि तेवांतेपेकच्या संयोगभूमीपाशी दोन महासागरांमधले अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर उरते. या चिंचोळ्या पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे वाहाका आणि च्यापास ही दोन राज्ये पसरली आहेत. दोन्ही डोंगराळ, दोन्ही उत्पन्नाच्या मोजमापात देशात मागे, आणि भाषा, पिके व कारागिरी यांत मात्र देशात सर्वांत श्रीमंत. २०२० च्या जनगणनेनुसार वाहाकाची लोकसंख्या सुमारे ४१ लाख आहे. पण एवढ्याशा राज्यात ५७० नगरपालिका आहेत, म्हणजे साऱ्या मेक्सिकोतल्या नगरपालिकांच्या जवळजवळ चौथा हिस्सा. झापोतेक, मिश्तेक, मासातेक, मिहे असे सोळा मूलनिवासी समाज इथे राहतात आणि त्यांच्या भाषा दरीगणिक बदलतात.

मका, मिरची, घेवडा, चिकू, झेंडू, निशिगंध, घायपात या साऱ्या वनस्पती मेक्सिको व त्यालगतच्या प्रदेशांतून जगभर गेल्या. पालघर जिल्ह्यातल्या घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्या आणि दसऱ्याचे झेंडूचे तोरण यांचे मूळ याच भूभागात आहे. बिया आणि रोपे जहाजांतून गेली. त्यांच्याभोवती हजारो वर्षांत जमलेले ज्ञान मात्र बहुतांशी मागेच राहिले. ते ज्ञान आजही रोजच्या वापरात पाहायचे असेल तर वाहाकाचे खोरे, सिएरा पर्वत, पॅसिफिकचा किनारा आणि च्यापासचे पठार असा पंधरा दिवसांचा मार्ग पुरेसा पडतो.

खोरे आणि त्यातली जुनी नगरे

वाहाका शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, तीन खोरी जिथे एकत्र येतात तिथे वसले आहे. हिरवट छटेच्या स्थानिक दगडात बांधलेले हे स्पॅनिश वसाहतीचे शहर आणि शेजारच्या टेकडीवरचे मोन्ते आल्बान यांचा युनेस्कोने १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत एकत्र समावेश केला.

मोन्ते आल्बान हे झापोतेकांचे राजधानीचे नगर इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास उभे राहिले. खोऱ्यापासून सुमारे चारशे मीटर उंचीवर डोंगरमाथा सपाट करून तिथे विस्तीर्ण चौक, पायऱ्यांची देवालये आणि चेंडूच्या खेळाचे मैदान बांधले गेले. हजार वर्षांहून अधिक काळ हे नगर नांदले. शिळांवर कोरलेल्या, हातपाय वेडेवाकडे झालेल्या नग्न पुरुषाकृतींना आरंभीच्या अभ्यासकांनी नर्तक मानले होते. त्या ठार मारलेल्या युद्धकैद्यांच्या असाव्यात, हे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. नगर ओस पडल्यावर मिश्तेकांनी तिथल्या जुन्या थडग्यांचा पुन्हा वापर केला. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना सात क्रमांकाच्या थडग्यात सोने, मोती, पिरोजाचे जडावकाम आणि कोरीव हाडे सापडली. हा ठेवा आता सांतो दोमिंगो मठातल्या संग्रहालयात आहे.

खोऱ्याच्या पूर्व टोकाला मित्ला आहे. इथल्या भिंतींवर काटेकोर कापलेल्या दगडी तुकड्यांची भौमितिक नक्षी चुन्या-गाऱ्याशिवाय बसवलेली आहे. मित्लाजवळच्या गिला नाकित्स या गुहेत भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, लागवडीखाली आलेल्या बिया मिळाल्या, तर तिथली मक्याची छोटी कणसे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची ठरली. अमेरिका खंडातल्या शेतीच्या इतक्या जुन्या खुणा सांभाळणाऱ्या यागुल आणि मित्ला येथील गुहांना २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मका आणि चुना

वाहाकातल्या पारंपरिक शेताला मिल्पा म्हणतात. त्यात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरतात. भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल टिकवतात आणि तण दाबतात. ताटातही हीच तीन पिके एकमेकांची उणीव भरून काढतात.

कापणीनंतरची प्रक्रिया याहून महत्त्वाची आहे. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि मग दळतात. चुन्यामुळे पीठ चिकट होऊन तोर्तिया न तुटता थापता येते, कॅल्शियम वाढते आणि एरवी शरीराला न मिळणारे नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही. परिणामी इटलीच्या उत्तर भागात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत, नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा रोग पसरला आणि असंख्य माणसे दगावली. मिल्पा आणि चुना दोन्ही सांभाळणाऱ्या समाजांत मका हेच मुख्य अन्न असूनही या रोगाने असे थैमान घातले नाही.

सिएरा मिहेतल्या गावांत पाच मीटरपर्यंत वाढणारा एक मका पिकतो. त्याच्या हवेतल्या मुळांवरून दाट चिकट द्रव ठिबकतो आणि त्यातले जिवाणू हवेतले नत्र पिकाला मिळवून देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे सिद्ध केले. गावकऱ्यांनी तो वाण पिढ्यानपिढ्या हलक्या जमिनीत टिकवला होता.

मेक्सिकोच्या मक्याशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. वर्ध्याचे गदर क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, राजधानीजवळच्या चापिंगो येथील कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्याच्या कामातही ते होते. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना स्थान दिले आहे.

बाजार, मोले आणि मेस्काल

खोऱ्यात आठवड्याचा प्रत्येक दिवस कोणत्या ना कोणत्या गावाच्या बाजाराचा असतो. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान आणि रविवारी त्लाकोलुला. त्लाकोलुलाच्या बाजारात झापोतेक बायका कोंबड्या, कोथिंबीर, कोपाल धूप आणि चपुलिनेस विकायला बसतात. चपुलिनेस म्हणजे पावसाळ्यात शेतांतून पकडून लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे. जवळच मक्याचे पीठ, कोको, मामे फळाची बी आणि एका सुगंधी फुलाच्या कळ्या वाटून, हाताने घुसळून फेस आणलेले तेहाते हे पेय मिळते. मोठी, कोरडी, कडक तोर्तिया म्हणजे त्लायुदा. तिच्यावर डुकराची चरबी, वाटलेला घेवडा आणि धाग्यासारखे सुटणारे केसियो चीज असते. शाकाहारी माणसाने चरबी न लावता मागावी. घेवड्यातही ती घातली आहे का, हे विचारून घ्यावे.

मोले हा वाहाकाच्या स्वयंपाकाचा कळस आहे. काळा, लाल, तांबूस, पिवळा, हिरवा, चिचिलो आणि मांचामांतेलेस असे सात प्रकार सांगितले जातात. काळ्या मोलेसाठी राज्याच्या कान्यादा भागातच मुख्यत्वे पिकणारी चिल्वाक्ले मिरची करपेपर्यंत भाजतात. तिच्याबरोबर तीळ, बदाम, मनुका, टोमॅटो, दालचिनी, लवंग आणि थोडे चॉकलेट मेताते या तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटतात. त्यातले तीळ, बदाम आणि मनुका स्पेनमार्गे आले. आशियाई मसाल्यांची वाट पॅसिफिकवरूनही होती; १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबते नियमित ये-जा करीत. मिरची आशियात गेली आणि दालचिनी मेक्सिकोत आली. मोलेच्या एका वाडग्यात ही सारी देवाणघेवाण शिजलेली आहे. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेची युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली.

महाराष्ट्रात शेताच्या बांधावर दिसणारी घायपात दोरासाठी उपयोगी पडते. तिच्या भाऊबंद जातींपासून वाहाकात मेस्काल ही दारू बनते. एस्पादिन जात पक्व व्हायला सहा ते आठ वर्षे लागतात, रानटी जातींना त्याहून अधिक. पाने छाटून उरलेला गाभा दगडी खड्ड्यात काही दिवस भाजतात, घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली चिरडतात, लाकडी पिंपात आंबवतात आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित करतात. १९९४ मध्ये मेस्कालला भौगोलिक नामसंरक्षण मिळाले. परदेशी मागणी वाढल्यापासून रानटी घायपातीवर आणि भट्टीच्या लाकडावर मोठा ताण आला आहे.

किडीचा लाल, गोगलगायीचा जांभळा

तेओतित्लान देल वाये हे गालिच्यांचे गाव. लोकर आणि पायमाग स्पॅनिश लोकांनी आणले, लाल रंग मात्र अस्सल इथला. फड्या निवडुंगावर वाढणारी कोचिनियाची मादी कीड वाळवून वाटली की गर्द किरमिजी रंग मिळतो. एक पौंड रंगासाठी सुमारे सत्तर हजार किडी लागतात. वसाहतकाळात चांदीखालोखाल हीच मेक्सिकोची मोठी निर्यात होती. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांचे लाल कोट याच रंगाचे, आणि सांतो दोमिंगोच्या सोनेरी छताला लागलेले धनही बरेचसे त्यातूनच आले. स्पेनने या रंगाचे गुपित जपले.

ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासमध्ये हा उद्योग उभारायचा प्रयत्न केला. १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेली कीड भलत्याच, हलक्या जातीची निघाली. तिने रंग निकृष्ट दिला आणि निवडुंगांचा मात्र फडशा पाडला. पुढे निवडुंग आवरण्यासाठीच तिचा उपयोग झाला. कीड आणली गेली, पण वाहाकातल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवडून वाढवलेली जात आणि ती वाढवण्याचे कसब आले नाही. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि वाहाकाचा व्यापारही बुडाला. आज तेओतित्लानच्या काही घरांनी हा रंग पुन्हा जिवंत केला आहे.

दुसरा रंग समुद्रातला. पिनोतेपा दे दोन लुईस गावचे मिश्तेक रंगारी ओहोटीच्या वेळी खडकांवरच्या गोगलगायी उचलतात, त्यांचा स्राव थेट सुताच्या लडीवर घेतात आणि गोगलगाय जिवंत परत खडकावर ठेवतात. हवा आणि ऊन लागले की सूत जांभळे होते. १९८० च्या दशकात व्यापारी उपशाने या गोगलगायी संपत आल्या, तेव्हा कायद्याने हा हक्क पारंपरिक रंगाऱ्यांपुरता राखून ठेवला.

पॅसिफिकचा काठ

खोऱ्यातून किनाऱ्यावर उतरण्यासाठी सिएरा माद्रे देल सुर ओलांडावी लागते. पूर्वी हा वळणावळणाचा प्रवास सहा-सात तासांचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग खुला झाल्यापासून सुमारे तीन तास लागतात. पुएर्तो एस्कोंदिदोचा सिकातेला किनारा उंच लाटांसाठी जगभरच्या लाटास्वारांना ठाऊक आहे. तिथे पोहणे धोक्याचे आहे. त्यासाठी कारिसालियोसारखी आडोशाची खाडी निवडावी.

याच किनाऱ्यावरचे मासुन्ते एकेकाळी कासवांच्या कत्तलीवर जगत होते. १९९० मध्ये मेक्सिकोने कासवांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली आणि गावाचा रोजगार एका दिवसात गेला. त्यानंतर तिथे राष्ट्रीय कासव केंद्र आले, नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांची सहकारी संस्था उभी राहिली, शेजारच्या व्हेंतानियात गावकरी वल्ह्याच्या होडीतून खारफुटी दाखवू लागले. जवळच्या ला एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हंगामात हजारोंच्या झुंडीने येतात आणि वर्षभरात दहा लाखांच्या आसपास घरटी होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला अंडी घालायला येते ती याच जातीची मादी. तिथेही २००२ पासून ग्रामस्थांच्या सहभागाने संरक्षण उभे राहिले.

उआतुल्कोची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या नऊ उपसागरांच्या काठची सामूहिक जमीन सरकारने १९८० च्या दशकात संपादित करून पर्यटननगरी वसवली. किनाऱ्यालगतच्या एका भागाला १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाले. मच्छीमार वस्त्यांना मात्र हलावे लागले. पश्चिमेकडच्या कोस्ता चिकावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज राहतात. त्यांना मेक्सिकोच्या राज्यघटनेत मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये.

संयोगभूमी आणि च्यापास

पूर्वेकडे हुचितान शहरात बाजार झापोतेक स्त्रियांच्या हाती आहे. त्यांच्या मखमली, फुलांनी भरतकाम केलेल्या पोशाखाला फ्रीदा कालो या चित्रकर्तीमुळे जगभर ओळख मिळाली. सप्टेंबर २०१७ च्या ८.२ तीव्रतेच्या भूकंपात या शहराची मोठी पडझड झाली.

पुढे च्यापासमध्ये सान क्रिस्तोबाल हे थंड हवेचे शहर दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. १ जानेवारी १९९४ रोजी झापातिस्ता बंडखोरांनी ते ताब्यात घेतले आणि मूलनिवासींच्या जमीनहक्काचा प्रश्न जगापुढे आला. जवळच्या सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये बाके नाहीत. जमिनीवर पाइनची सुईसारखी पाने पसरलेली असतात आणि सोत्सिल भाविक मेणबत्त्या लावून खाली बसून प्रार्थना करतात. आत छायाचित्र घेण्यास सक्त मनाई आहे. उत्तरेला रानात पालेंके हे माया नगर आहे. इ. स. ६१५ ते ६८३ असे राज्य करणाऱ्या पाकालची समाधी तिथल्या शिलालेखांच्या देवालयाखाली आल्बेर्तो रुस लुइये यांनी १९५२ मध्ये शोधली.

गावाचा कारभार

वाहाकातल्या चारशेहून अधिक नगरपालिका आपले पदाधिकारी पक्षांच्या निवडणुकीने नव्हे, तर गावसभेच्या रूढीने निवडतात. राज्याच्या कायद्याने १९९५ मध्ये ही पद्धत मान्य केली. तेकियो म्हणजे रस्ता, पाणी, शाळा यांसाठी प्रत्येक घराने द्यायचे विनामोबदला श्रम. गेलागेत्सा म्हणजे लग्नाकार्यात एकमेकांना केलेली, वहीत नोंदवलेली आणि वेळ येताच फेडायची मदत. जुलैतला त्याच नावाचा नृत्योत्सव हे तिचे शहरी रूप आहे. बियाणे, जंगल आणि रंग टिकण्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

तिच्यापुढचे संकट मोठे आहे. गावांतले तरुण मोठ्या संख्येने अमेरिकेत स्थलांतर करतात, आणि बाहेरून आलेल्या पैशाने वाहाका शहरातली घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर चालली आहेत. म्हणून प्रवास कसा केला जातो, याला इथे फार महत्त्व आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सोयीचा असतो. १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या स्मृतिदिनी घराघरांत झेंडूने वेद्या सजतात. त्या काळात जाणाऱ्याने दफनभूमीत आदराने वावरावे. गालिचा विणकराच्याच घरून घ्यावा आणि सांगितलेली किंमत द्यावी, जेवण गावच्या बाजारात करावे, डोंगरात आणि किनाऱ्यावर गावकऱ्यांच्या संस्थेचाच वाटाड्या घ्यावा. या ज्ञानावर तिथल्या तरुणांचे पोट भरले, तरच ते पुढच्या पिढीकडे जाईल.