बोंडाची गळ आणि बोंडाचे फुटणे

मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग जेथे एकमेकांस भेटतात, त्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याच्या शिवारात कपाशीविषयी वर्षातून दोनदा तक्रार ऐकू येते : भाद्रपदात पाती आणि कोवळी बोंडे गळून सरीत पडू लागली म्हणजे शेतकरी विचारतो, ही गळ थांबेल कशी, आणि दसरा उलटून वेचणीच्या मजुरांची तजवीज झाली तरी बोंडे मिटलेलीच राहिली, म्हणजे विचारतो, ही फुटतील केव्हा. एक तक्रार सुटून जाण्याची, दुसरी न सुटण्याची. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी दोन्ही एकाच प्रकरणात दाखल आहेत, आणि ते प्रकरण पेक्टिन नावाच्या द्रव्याचे व त्याचे विघटन करणाऱ्या विकरांचे आहे.

वनस्पतीची प्रत्येक पेशी भित्तिकेने वेढलेली असते, आणि दोन शेजारी पेशींच्या भित्तिकांमध्ये, विटांच्या सांध्यात चुना असावा तसा, पेक्टिनचा पातळ थर असतो. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने 1825 साली या द्रव्याचे वर्णन करून त्यास हे नाव दिले. पेरूची जेली गोठते ती त्याच्याच गुणामुळे. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या एककांची लांबच लांब साखळी हे त्याचे मुख्य रूप असून, पेशी ती साखळी घडवून भित्तिकेकडे रवाना करते तेव्हा तिच्यावर मिथिल गट बसविलेले असतात.

हे मिथिल गट उतरविण्याचे काम पेक्टिन मिथिल एस्टरेज या विकराचे. गट उतरले की साखळीपुढे दोन मार्ग असतात. उघड्या पडलेल्या जागा सलग असून जवळ कॅल्शियम असेल, तर शेजारच्या साखळ्या त्याच्या योगाने परस्परांत जखडल्या जाऊन भित्तिका दृढ होते. एरवी पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज आणि पेक्टेट लायेज ही दोन विकरे, पहिले पाण्याच्या साह्याने व दुसरे पाण्यावाचून, त्या साखळीचे तुकडे पाडतात. एकाच विकराच्या कृतीतून भिंत पक्कीही होते आणि पाडण्याजोगीही होते, हीच या रसायनाची खरी खुबी. आणि म्हणूनच या विकरास वेळोवेळी आवरून धरणारी प्रथिनेही वनस्पतीने स्वतःच निर्माण करून ठेविली आहेत.

ही मोडतोड केवळ अखेरीची नव्हे, वाढीच्या आरंभापासूनची आहे. परागकोशात परागकण चार-चारांच्या गटाने जन्मतात, आणि त्यांना एकत्र धरणारे पेक्टिन विरघळल्यावरच ते सुटे होतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लाडक्या रोपाच्या काही वाणांत हा विरघळण्याचा क्रम बिघडल्याने परागकण चौकडीतच अडकून राहतात, असे 1994 साली आढळले. पुढे कपाशीचे फूल उमलते त्याच सुमारास सरकीच्या सालीवरील काही पेशी लांबू लागतात, आणि सुमारे तीन आठवड्यांत, रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहून फारशी अधिक नसताना, त्यांची लांबी तीन सेंटिमीटरच्या घरात जाते. रुईचा प्रत्येक धागा ही अशी एकच पेशी होय. तिला ताणू देण्याइतकी भित्तिका सैल हवी, फुटण्याइतकी नको. आणि चिनी संशोधकांनी पेक्टेट लायेजचे जनुक दाबून पाहिले, तेव्हा धाग्याची लांबण मंदावल्याचे 2010 साली प्रसिद्ध झाले.

आता पातेगळीकडे वळू. पानाच्या व फुलाच्या देठाशी लहान पेशींचे काही थर असतात, आणि फारकत व्हावयाची ती याच थरांत होते. पान आणि बोंड सुदृढ असेतोवर त्यांच्याकडून येणारा ऑक्सिन हा संप्रेरक या थरांना शांत ठेवतो; परंतु पावसाने ओढ दिली, शेतात पाणी तुंबले अथवा आभाळ दिवसेंदिवस झाकोळून राहिले, की ऑक्सिनचा ओघ आटतो, इथिलीन हा वायू वाढतो, आणि त्याच्या हुकुमाने पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज व सेल्युलेज हे आणखी एक विकर मिळून हा सांधा विरघळवून टाकतात. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली कपाशीच्या कोवळ्या बोंडांतूनच गळ घडविणारे एक द्रव्य वेगळे काढले. आज ॲब्सिसिक आम्ल म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी गळीचा मुख्य कारभारी इथिलीनच ठरला. पातेगळीवर नॅप्थलीन ॲसेटिक आम्लाची फवारणी सुचविली जाते, तिचे मर्म येथेच आहे : हे कृत्रिम ऑक्सिन असून, आटत चाललेल्या ओघाची ते काही काळ भरपाई करते.

आणि बोंडाचे फुटणे? बोंडाच्या चार-पाच कप्प्यांच्या जोडरेषांवर तशाच विलग होणाऱ्या पेशी असतात. बोंड पक्व झाले की तेथील बंध शिथिल होतात, साल वाळून मागे वळते आणि कापूस बाहेर येतो. यंत्राने वेचणी करणाऱ्या अमेरिकी शेतांत याकामी इथिलीन सोडणारे इथेफॉन फवारतात. भाद्रपदात जो वायू शेतकऱ्याचा वैरी, तोच वेचणीच्या हंगामात त्याचा मदतनीस होतो.

जळगावच्या केळीवाल्यास हे सांगावयास नको. हिरवा घड उतरवून इथिलीनच्या बंद खोलीत पिकविणे हा त्याचा नित्याचा व्यवसाय आहे, आणि पिकण्याचा अतिरेक झाला की फणीपासून केळे सुटून पडते, हेही त्याने पाहिलेले असते. पिकताना फळास येणाऱ्या मऊपणामागेही हीच विकरे असतात; त्यावर थेट विकराच्या वाटेने इलाज करण्याचा प्रयत्न 1994 साली अमेरिकेत ‘फ्लेव्हर सेव्हर’ टोमॅटोने केला. त्यात पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजचे जनुक दाबलेले होते. परंतु फळ अपेक्षेइतके टणक राहिले नाही, आणि काही वर्षांतच ते बाजारातून गेले. पुढे 2016 साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी पेक्टेट लायेज बंद पाडले, तेव्हा रंग व चव न बिघडता टणकपणा टिकला. विकरे अनेक, आणि प्रत्येकाचा अंमल वेगळा, हा धडा त्यातून मिळाला.

तेव्हा पेक्टिन तोडणारे विकर सरसकट थांबवावे, हा उपाय कपाशीला मानवणारा नाही; गळ थांबेल, पण त्याबरोबर परागकण सुटणे, धागा लांबणे आणि बोंड उकलणे हेही अडेल. बांधणी आणि मोडणी यांची मुदत वनस्पती स्वतः ठरविते. शेतकऱ्याच्या हाती उरते ते त्या मुदतीस बाधा न येऊ देणे : साचलेल्या पाण्याला वाट, पावसाच्या खंडात वेळेवर पाण्याची एक पाळी, आणि फवारणी नेमक्या अवस्थेत. हे उपाय जुनेच आहेत. ते का लागू पडतात, एवढे विकरांच्या अभ्यासाने नव्याने कळले.