उसनी झोप महाग पडते

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण ज्या पिढीने घडविली, तिला दिवसभराचे श्रमच गाढ झोप मिळवून देत असत. आज मऊ बिछान्यांची उणीव नाही. परंतु निद्रा मात्र अनेक घरांवर रुसली आहे, आणि तिची मनधरणी करण्यासाठी उशाशी गोळ्यांची पाकिटे येऊन बसली आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी म्हणजे कितीही काळ घ्यावयास निर्धोक गोळी, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

त्यासाठी वाचकांना आम्ही जपानात नेतो. टोकियोच्या पूर्व भागात, एदोगावा विभागात, हिगाशी-कसाई नावाची वस्ती आहे. नाव वाचून मराठी माणसाने दचकू नये. ‘हिगाशी’ म्हणजे पूर्व, आणि कसाई हे त्या भागाचे जुने नाव. तेथील भुयारी रेल्वेचे संग्रहालय प्रसिद्ध आहे. जवळच्या निशी-कसाईत, म्हणजे पश्चिम कसाईत, 2000 सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतीय कुटुंबे येऊ लागली आणि पुढे या साऱ्या परिसरात पसरली. मराठी मातृभाषेचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावाच्या सभागृहात निवडूनही आले होते.

मायभूमीपासून दूर संसार मांडणाऱ्यांच्या निद्रेची अडचण आपल्या वाचकांना निराळी सांगावयास नको. मुंबईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा टोकियोत मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. कचेरीचे बोलणे असो वा आईवडिलांची विचारपूस, ती झोपेच्या वेळेतूनच कापून घ्यावी लागते. त्यातून तो देशच अल्पनिद्र. प्रगत राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेने 2021 मध्ये 33 देशांची जी तुलना प्रसिद्ध केली, तीत जपानी लोकांची झोप सर्वांत कमी, सरासरी 7 तास 22 मिनिटे, आढळली.

झोपेच्या औषधांचा जपानचा अनुभव दीर्घ आहे आणि कडूही आहे. 1958 मध्ये थॅलिडोमाइड हे औषध तेथे झोपेची निर्धोक गोळी म्हणून विक्रीस आले. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्यामुळे व्यंग असलेली मुले जन्मली. पश्चिम जर्मनीने ते 1961 च्या नोव्हेंबरात मागे घेतले. जपानात मात्र विक्री थांबण्यास 1962 चा सप्टेंबर उजाडला. तेथे 309 बालके बाधित म्हणून मान्य झाली. पुढे बेन्झोडायझेपिन गटातील औषधे आली. ती जुन्या बार्बिट्युरेट औषधांहून पुष्कळ सुरक्षित होती, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून ती निर्दोष ठरली नाहीत. इटिझोलाम हे जपानातच 1984 मध्ये विक्रीस आलेले औषध 2016 पर्यंत मनोविकारी औषधांच्या नियंत्रणाबाहेर होते. त्यानंतर ते एका वेळी 30 दिवसांहून अधिक लिहून देण्यास बंदी झाली.

दोष कोठे आहे? ही गोळी मेंदूचा वेग मंदावते, म्हणून आरंभी गुण झटकन येतो. काही आठवड्यांत शरीर तिला सरावते आणि तेवढीच मात्रा अपुरी वाटू लागते. अशा वेळी गोळी एकदम बंद केली, तर पूर्वीपेक्षा अधिक जागरण, धडधड आणि अस्वस्थता सुरू होते. रुग्णाला वाटते, ‘पाहा, गोळीवाचून मला झोप नाहीच!’ वस्तुतः तो बहुधा मूळ विकार नसून गोळी सुटल्याचा परिणाम असतो. गाईड पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाची भीती वाटू लागते, तसाच हा प्रकार. नेमून दिलेल्या मात्रेतही दीर्घ सेवनाने अवलंबित्व जडू शकते, अशी सूचना जपानच्या शासनाने 2017 मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकांत घालावयास लावली.

वृद्धांच्या बाबतीत धोका अधिक. रात्री लघवीसाठी उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. दिवसा विसराळूपणा वाढतो आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ झोल्पिडेमसारख्या औषधांनी काही जण झोपेतच चालतात, मोटारही चालवितात. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये त्यांवर ठळक इशारा छापावयास लावला. मद्यासोबत गोळी घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते.

मुलांकडे राहावयास जाणारे आईवडील पिशवीत गोळ्या घेऊन जातात. त्यांनी ध्यानात ठेवावे की जपानात अशी औषधे ठराविक प्रमाणापर्यंत स्वतःजवळ बाळगून नेता येतात. त्याहून अधिक असल्यास डॉक्टरांचे पत्र लागते, आणि टपालाने ती मागविता येत नाहीत. भारतातही 2014 पासून अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम इत्यादींची विक्री औषधविक्रेत्याला नोंदवहीत लिहून ठेवावी लागते. ब्रोटिझोलाम तर जपानप्रमाणे इस्राएलातही वापरले जाते. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा नव्हे.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने 2016 मध्ये शिफारस केली की, जुनाट निद्रानाशावर प्रथम उपाय गोळीचा नसून सवयी व विचार सुधारण्याचा असावा. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे. झोप आली तरच अंथरुणास पाठ टेकणे. झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जाणे. अंथरुणात निष्कारण लोळत न राहणे, ही त्याची मुख्य अंगे होत. ती काही आठवडे नेटाने पाळावी लागतात, पण त्यांचा गुण टिकतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाची निद्राविषयक मार्गदर्शिकाही वृद्धांना आठ तासांहून अधिक अंथरुणात न राहण्याचा सल्ला देते.

गोळी सर्वथा त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. शोकाच्या वा दुखण्याच्या दिवसांत थोड्या काळापुरती ती उपकारक ठरते. मात्र जे कित्येक महिने ती घेत आहेत, त्यांनी हा लेख वाचून ती आज रात्रीच टाकून देऊ नये. एकाएकी थांबविल्यास झटकेही येऊ शकतात. मात्रा हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी. आणि नवी चिठ्ठी हाती घेताना प्रत्येकाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ही गोळी किती दिवस घ्यावयाची? ती थांबवावयाची कशी? आणि हिच्याऐवजी दुसरे काय करता येईल? हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अनादर नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ते विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर मुलांनी सोबत जाऊन विचारावेत.