डावीकडचा दिवा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पाठवलं होतं ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर लिहायला. २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून बाद झाली. अशा विषयावर आठवणींचा लेख लिहिणं सोपं असतं. मी कुर्ल्याला गेले तीही त्याच तयारीने, वहीत प्रश्न लिहून. पण तिथे एका बिघडलेल्या इंडिकेटरपाशी मी सबंध दुपार बसून राहिले, आणि आता लेखही त्याच्यावरच होतो आहे.

कुर्ल्यालाच का, ते कळावं म्हणून पद्मिनीच्या कारखान्याचा इतिहास थोडक्यात सांगते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून चित्तोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा बराच काळ स्टिअरिंगलाच. शतक संपता संपता उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार मात्र त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडला, अजून भरलेला असतो.

त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत उस्तादांची जागा आहे. दुकान म्हणावं एवढीही नाही. एक पत्र्याची पेटी, एक स्टूल, भिंतीला टांगलेली वायरची भेंडोळी. ते गाड्यांचे वायरमन. चाळीस वर्षांत त्यांनी टॅक्सीवाल्यांशिवाय फारसं गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर एका निवृत्त मुख्याध्यापकांची १९८८ची पद्मिनी उभी होती. क्रीम रंगाची, नुकताच कलर केलेली, आरशासारखी. डावा इंडिकेटर दिला की दिवा लागायचा पण लुकलुकायचा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “दोन ठिकाणी दाखवली. तीन वेळा फ्लॅशर बदलला. आता चौथा आणलाय.” त्यांनी खिशातून नवं खोकं काढलं.

उस्तादांनी खोक्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, “उजवा चालतो का, सर?”

उजवा उत्तम चालत होता. टिक्, टिक्, टिक्. “मग फ्लॅशर राहू द्या खिशात,” उस्ताद म्हणाले.

या एका प्रश्नात किती समजूत आहे, ते कळायला मला वेळ लागला. गाडीत फ्लॅशर एकच असतो, डाव्याला आणि उजव्याला मिळून. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून फ्लॅशरमध्ये येतो, तिथून स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये, आणि स्विच ठरवतो कुठल्या बाजूला जायचं ते. उजवीकडे टिकटिक नीट होत असेल तर फ्यूज निर्दोष, फ्लॅशरही निर्दोष. दोष स्विचच्या पुढे डाव्या वाटेवरच असणार. तीन फ्लॅशर बदलणाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

तो जुना फ्लॅशर मी हातात घेऊन पाहिला. अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची डबी, खाली दोन पाय. आत दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असते. करंट वाहू लागला की ती तापते. दोन्ही धातू सारखे पसरत नाहीत म्हणून वाकते. वाकली की संपर्क तुटतो आणि दिवे विझतात. मग पट्टी निवते, सरळ होते, संपर्क पुन्हा जुळतो. गाडीत ऐकू येणारी टिकटिक म्हणजे त्या पट्टीचं हे वाकणं आणि सरळ होणं. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुक व्हावी असा नियम आहे, आणि एवढीशी पट्टी फक्त तापून-निवून तो पाळते. आजच्या कित्येक गाड्यांत हा आवाज स्पीकरमधून मुद्दाम काढतात.

पण या पट्टीला ठरावीक करंट लागतो. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. त्यात घट झाली की पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा नुसता जळत राहतो. मुख्याध्यापकांच्या गाडीत हेच चाललं होतं. बिचारा फ्लॅशर करंट कमी पडतोय हेच सांगत होता, आणि प्रत्येक वेळी त्यालाच काढून टाकलं जात होतं.

उस्ताद मागे गेले. डावा मागचा दिवा लागला होता, पण पिवळट, मिणमिणता. त्यांनी मुख्याध्यापकांना पार्किंग लाइट लावायला सांगितले. मागच्या डब्यात आणखी एक दिवा लागल्यावर उजेड वाढायला हवा. तो आणखी मंदावला. “आता ब्रेक दाबा, सर.” ब्रेक दाबल्यावर डावी बाजू जवळजवळ विझली.

“अर्थिंग,” ते म्हणाले. अजून त्यांनी एकही स्क्रू सोडवला नव्हता.

गाडीत करंट जायला वायर असते, पण परत यायला वायर नसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बल्बच्या पितळी अंगातून होल्डरमध्ये, होल्डरमधून दिव्याच्या डब्यात, डब्याच्या स्क्रूतून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला. मागच्या डब्यात इंडिकेटर, पार्किंग आणि ब्रेक हे तिघे शेजारी, आणि तिघांचा परतीचा रस्ता एकच. तो अरुंद झाला की एकाचा करंट दुसऱ्याची अडवणूक करतो. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मरतो. वाट पूर्ण बंद झाली तर करंट उलटा शेजारच्या बल्बच्या तारेतून घुसून दुसरीकडे बाहेर पडायला बघतो, आणि मग इंडिकेटर दिल्यावर पार्किंगचे दिवे लुकलुकताना दिसतात. जुन्या गाडीचे मालक याला भुताटकी म्हणतात. उस्तादांच्या दृष्टीने ती सरळ तक्रार असते, नाव-पत्त्यासकट.

खात्रीसाठी त्यांनी मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या पितळी अंगाला. इंडिकेटर चालू असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. काटा अडीच व्होल्टच्या पुढे गेला. एवढे व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. बल्बला साडेनऊच्या आसपास मिळत असतील तर उजेड निम्म्याहूनही खाली येतो, कारण व्होल्टेज थोडं घटलं तरी तारेच्या बल्बचा प्रकाश त्याच्या कितीतरी पट घटतो. उन्हात मागच्या ट्रकवाल्याला तो दिवा दिसणारच नाही. इंडिकेटरची गंमत मला इथे संपलेली वाटली. हा माणूस कुणाचा तरी जीव वाचवणारं काम करतो, आणि त्याचं नाव कुठल्याही बिलावर नसतं.

डबा काढल्यावर कारण समोर आलं. गंज नव्हता. कलर होता. रंगाऱ्याने पत्रा सुंदर रंगवला, डबा बसायच्या जागेवरही, स्क्रूच्या भोकातही, आणि डबा त्या रंगावर कसून टाकला. रंगातून वीज जात नाही. ज्या प्रेमाने मुख्याध्यापकांनी गाडी नटवली त्यातच तिची परतीची वाट बुजली होती. उस्तादांनी रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, डब्याला डाग देऊन एक काळी वायर जोडली, तिचं दुसरं टोक बोल्टखाली बॉडीला घट्ट केलं आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला, पावसाळ्यासाठी. दिवा दिला. टिक्, टिक्. मजुरी दोनशे रुपये.

लेख इथेच संपवायचा माझा विचार होता. पण निघताना मी विचारलं, “उस्ताद, हे काम तुमच्यानंतर कोण करणार?” आणि मग चहा आला आणि अंधार पडेपर्यंत बोलणं चाललं.

हाताखाली कुणी नाही. शेवटचा पोरगा मोबाइल दुरुस्तीकडे गेला, आणि त्याला दोष द्यावा असं उस्तादांना वाटत नाही. टॅक्सी हीच या कामाची शाळा होती. रोज आठ-दहा पद्मिन्या यायच्या, प्रत्येकीचं दुखणं वेगळं, चुकलं तर संध्याकाळी टॅक्सीवाला परत दारात. त्यातून पोरांचा हात तयार व्हायचा. महिन्याला दोन हौशी गाड्यांवर कुणी काय शिकणार?

सामानाचंही तेच. पट्टीचा चांगला फ्लॅशर आता मिळेल तेव्हा घेऊन ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक मिळतो, पण त्यातल्या बऱ्याच जातींना अर्थिंगची तिसरी वायर लागते. ती न देता बसवला की चालत नाही आणि ‘माल खराब’ म्हणून परत जातो. शिवाय लोक एलईडी बल्ब टाकतात. दोन-दोन वॅटचे ते बल्ब इतका थोडा करंट घेतात की जुनी पट्टी तापतच नाही. मग लुकलुक यावी म्हणून कुणी रेझिस्टर जोडतो, तो चटका बसण्याइतका तापतो आणि तीस वर्षांच्या कडक झालेल्या वायरला टेकून राहतो. मूळ वायरिंगचे रंग हा या गाडीचा नकाशा असतो. दर दुरुस्तीत कुणीतरी हाती लागेल ती लाल वायर जोडतो आणि नकाशाचा एक तुकडा पुसला जातो. उस्तादांनी मला एका गाडीतून काढलेलं भेंडोळं दाखवलं. त्यात अकरा जोड होते, सगळे नुसत्या टेपचे.

कायद्याची अडचण आणखी निराळी. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. १९७४ची पद्मिनी तिथे पोचली. मुख्याध्यापकांच्या १९८८च्या गाडीला २०३८ उजाडावं लागेल. तोवर तिला दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून, तपासणीत प्रत्येक दिवा लावून दाखवत, रोजच्या गाडीसारखं जगायचं आहे. ही मधली वर्षं मला सगळ्यात धोक्याची वाटतात. जी गाडी अजून वारसा ठरलेली नाही तिची वायरिंग जपायला सांगणारं कुणी नसतं, आणि ती वारसा ठरेल तेव्हा ती वायरिंग वाचता येणारा माणूस असेलच याची खात्री मला नाही.

तुमच्या दारात पद्मिनी असेल तर एवढं करा. पुढच्या पावसाळ्याआधी मागच्या दिव्यांचे डबे काढून त्यांच्या खालचा पत्रा उघडा आहे का ते बघून घ्या. वायर बदलावी लागली तर त्याच रंगाची टाका. जुना फ्लॅशर काढून फेकू नका, उजवा चालतो का ते आधी बघा. आणि शेजारच्या एखाद्या मुलाला हे करताना जवळ उभं करा.