५९ की ७९? इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी निवडताना धंद्याचा हिशेब लावा



गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "सर, मोठी बॅटरी घेऊ की छोटी चालेल?" आणि बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं. "घ्यायचीच आहे तर मोठीच घेऊ, उगाच मध्येच अडकायला नको." हे भीतीने दिलेलं उत्तर आहे. आज आपण तेच उत्तर हिशेबाने काढू.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घेऊ. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही चाकणच्या कारखान्यात बनतात. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या लोकांसमोर आल्या. दोन्ही गाड्यांना बॅटरीचे दोन पर्याय आहेत, ५९ आणि ७९ किलोवॉट-अवर. आता किलोवॉट-अवर म्हणजे काय? तुमच्या लाइट बिलावर जे 'युनिट' असतं ना, तेच. ५९ ची बॅटरी म्हणजे ५९ युनिटची टाकी, ७९ ची म्हणजे ७९ युनिटची. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं पाचवीतलं गणित आहे.

आधी विकणाऱ्याची बाजू समजून घ्या

१४ फेब्रुवारी २०२५ ला या गाड्यांचं बुकिंग सुरू झालं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग आली, एक्स-शोरूम किमतीने ८,४७२ कोटी रुपयांची. त्यातली ७३ टक्के बुकिंग सगळ्यात वरच्या 'पॅक थ्री'ची होती, म्हणजे ७९ वाल्या गाडीची.

मग काय, ७३ टक्के लोकांना खरंच मोठ्या बॅटरीची गरज होती? थांबा. त्या वेळी ७९ ची बॅटरी फक्त पॅक थ्रीमध्येच मिळत होती. बीई ६ चा पॅक टू ५९ च्या बॅटरीसह २१.९० लाखांना, तर पॅक थ्री ७९ सह २६.९० लाखांना. मोठी टाकी हवी तर बाकीच्या सगळ्या सोयी पण घ्या, आणि ५ लाख जास्त मोजा. शिवाय कंपनीने डिलिव्हरीचा क्रम असा लावला होता की पॅक थ्री मार्चपासून आणि सगळ्यात स्वस्त पॅक वन ऑगस्टपासून. गाडी लवकर हवी असेल तर महाग घ्या, असा सरळ मामला.

यात फसवणूक काही नाही, हे किंमत लावण्याचं कौशल्य आहे. तुम्हीही तुमच्या धंद्यात हे शिका. पण खरेदीला जाल तेव्हा हे ओळखताही आलं पाहिजे.

पुढे जुलै २०२५ मध्ये कंपनीने ७९ ची बॅटरी पॅक टूमध्येही दिली. बीई ६ साठी किंमत २३.५० लाख. आता बघा, तोच पॅक, त्याच सोयी, फक्त बॅटरी वेगळी. फरक १ लाख ६० हजार. जास्तीचे युनिट २०. म्हणजे एका युनिटला ८,००० रुपये. एक्सईव्ही ९ई च्या पॅक टूमध्येही फरक एवढाच. (या २०२५ च्या एक्स-शोरूम किमती आहेत. बुकिंगच्या दिवशी ताजी यादी मागा.)

हा १.६० लाखांचा आकडा लिहून ठेवा. आपला सगळा निर्णय यावरच आहे.

जाहिरातीतले किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर

बीई ६ च्या मोठ्या बॅटरीला प्रमाणित चाचणीत ६८२ किलोमीटरची रेंज मिळाली आहे. ही चाचणी ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या परिस्थितीत होते. तिचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला. तुमचा प्रवास ठरवायला नाही.

आपण हिशेबासाठी हात राखून आकडे धरू. शहरात एका युनिटला ६ किलोमीटर. हायवेवर, एसी चालू, चार माणसं, सरळ १०० चा वेग, तर ५ किलोमीटर. आणि बॅटरी १० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे पूर्ण भरून निघालात तर छोट्या बॅटरीत वापरायला साधारण ५३ युनिट, मोठीत ७१.

आता तीन उद्योजक घेऊ.

१. सिंहगड रोडला घर, भोसरीत वर्कशॉप. रोजचं जाणं-येणं आणि मधली कामं धरून ६० किलोमीटर. रोजची गरज १० युनिट. छोटी बॅटरीसुद्धा पाच दिवस पुरते! घरी ७.२ किलोवॉटचा चार्जर असेल तर रोजचा वापर दीड तासात भरून निघतो. याला मोठी बॅटरी म्हणजे दोन माणसांच्या घरात दहा लिटरचा कुकर.

२. मुंबईत ग्राहक, सकाळी जाऊन रात्री परत. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, म्हणजे ६० युनिट. मोठी बॅटरी न थांबता घरी आणते. छोटीला ७ युनिट कमी पडतात, म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलं. त्यातही परतीच्या वाटेवर खंडाळ्याचा चढ आहे. जाताना उतारावर थोडी वीज परत मिळते, येताना ती जास्त लागते. म्हणून मुंबई सोडण्याआधीच चार्ज करा, घाटाच्या पायथ्याशी टक्के मोजत बसू नका.

३. कोल्हापूरला डीलर भेटी, त्याच दिवशी परत. सुमारे ४६० किलोमीटर, ९२ युनिट. इथे गंमत बघा. मोठी बॅटरीपण पुरत नाही! थांबावं दोघांनाही लागतं. डीलरकडे काम चालू असताना किंवा जेवणाच्या वेळी चार्ज झालं तर दोघांचा वेळ जवळपास सारखाच जातो.

म्हणजे मोठ्या बॅटरीचा खरा फायदा कुणाला? ज्याचा नेहमीचा प्रवास छोटीच्या मर्यादेबाहेर आणि मोठीच्या मर्यादेत बसतो, त्याला. फार कमी चालणाऱ्याला नाही, फार लांब जाणाऱ्यालाही तितकासा नाही.

तुमच्या तासाची किंमत काढा

आता मुंबईवाल्याचा हिशेब पूर्ण करू. १.६० लाख कर्जाने घेतले, ९ टक्के व्याज, पाच वर्षं धरली तर महिन्याला सुमारे ३,३२० रुपये हप्ता. एकूण जवळपास २ लाख.

वाटेतल्या चार्जिंगचा रांगेसकट अर्धा तास धरा. आठवड्यातून दोनदा मुंबई म्हणजे वर्षाला साधारण १०० फेऱ्या, पाच वर्षांत ५००. वाचलेला वेळ २५० तास. २ लाख भागिले २५०, म्हणजे तासाला ८०० रुपये. तुमचा एक तास ८०० पेक्षा जास्त कमावतो? मग मोठी बॅटरी घ्या, बिनधास्त. तो खर्च नाही, ती गुंतवणूक आहे.

पण मुंबईला महिन्यातून एकदाच जात असाल तर? पाच वर्षांत ६० फेऱ्या, ३० तास. तासाला ६,६०० रुपयांच्या वर! गाडी विकताना मोठ्या बॅटरीचे थोडे पैसे परत येतील असं धरलं तरी हा सौदा अवघड आहे. तेच १.६० लाख कच्च्या मालात रोख भावाने खरेदी करायला वापरले तर काय मिळेल, ते तुम्हीच काढा.

कुठल्या गोष्टी या निर्णयात मोजायच्या नाहीत

इथे बरेच जण गोंधळतात. दोन्ही बॅटऱ्यांना सारखा मिळणारा फायदा मोजून उपयोग नाही.

५ टक्के जीएसटीचा दर दोन्हीला सारखा. (आणि हो, साध्या धंद्याला स्वतःच्या वापराच्या कारवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. "बिल फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी सुटेल" असं कुणी सांगितलं तर आधी तुमच्या सीएला विचारा.) महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, तीही दोन्हीला. फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, हे मात्र तपासत राहा.

आणि ताकद? छोट्या बॅटरीची मोटर १७० किलोवॉट, मोठीची २१० किलोवॉट. मोठी बॅटरीवाली बीई ६ शून्यावरून १०० चा वेग ६.७ सेकंदात गाठते. मजा येते, नक्की येते. पण एक्स्प्रेसवेवर कारला मर्यादा १०० ची, घाटात ६० ची, आणि वर कॅमेरे बसलेत. ती हौस असेल तर हौसेच्या खात्यात लिहा, धंद्याच्या नको.

बॅटरीच्या आधी पार्किंग बघा

पुण्यात निम्मा प्रश्न बॅटरीचा नसतो, सोसायटीचा असतो. तुमच्या पार्किंगपर्यंत वायर येते का? सोसायटी परवानगी देते का? महावितरणचं वेगळं कनेक्शन लागेल का, मंजूर भार वाढवावा लागेल का? घरच्याच मीटरवर चार्ज केलं तर युनिट वाढून वरच्या दराचा स्लॅब लागतो, तेही बघा.

या गाड्यांच्या किमतीत चार्जर धरलेला नव्हता. ७.२ किलोवॉटच्या चार्जरचे ५०,००० आणि ११.२ किलोवॉटचे ७५,००० वेगळे होते. ७.२ वर छोटी बॅटरी भरायला कंपनीच्या आकड्यानुसार ८.७ तास, मोठी ११.७ तास. रात्री लावली, सकाळी तयार.

घरी युनिट १० रुपयांना पडलं असं धरा, शहरात किलोमीटरला पावणेदोन रुपयेही येत नाहीत. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २२ रुपये धरले तर साडेतीनच्या वर जातात. म्हणजे घरी चार्जिंगची सोय नसेल तर विजेचा खर्च दुपटीहून जास्त होतो, बॅटरी कितीही मोठी घ्या.

वॉरंटीचंही तसंच. या गाड्यांच्या बॅटरीवर आजीवन वॉरंटी आहे, पण पहिल्या मालकाला आणि खासगी नोंदणीला. गाडी फर्मच्या नावावर किंवा टॅक्सी म्हणून घेणार असाल तर अटी लेखी मागून घ्या. तोंडी "होऊन जाईल साहेब" वर २५ लाख टाकायचे नाहीत.

आता तुमचं काम

शोरूमला जाण्याआधी ३० दिवस एक वही ठेवा. रोज रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: आज किती किलोमीटर, कुठे, आणि मध्ये गाडी कुठे किती वेळ उभी होती. महिन्यानंतर मोजा, २५० किलोमीटरच्या वरचे दिवस किती? आठवड्याला एक-दोन असतील तर मोठी बॅटरी. महिन्याला एखादा असेल तर छोटी. तशा दिवसांसाठी अर्धा तास आधी निघा.

आणि हीच वही पुढे मशीन घेताना, गोडाऊन भाड्याने घेताना, टेम्पो घेताना उघडा. सगळ्यात जास्त कामाच्या एका दिवसासाठी क्षमता विकत घेतली की उरलेले २९ दिवस तुम्ही रिकाम्या जागेचं भाडं भरता. धंदा बंद पडतो तो बऱ्याचदा ऑर्डर कमी म्हणून नाही, पैसा नको तिथे अडकला म्हणून.

तर वही आजच काढा. भेटूया पुढच्या भागात!