पिस्टन का धरतो? टू-स्ट्रोक इंजिनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मातीच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोक गाडी चालवणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असते ती इंजिन सीझ होण्याची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये धरून अडकण्याची. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचा आवाज एकदम बसतो, ओढ जाते आणि मागचं चाक अडकून घसरू लागतं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे क्लच दाबणं. चाक सुटतं आणि गाडी सावरता येते. म्हणूनच जाणते रायडर एक बोट कायम क्लचच्या लिव्हरवर ठेवतात.

त्यानंतर गाडी गॅरेजला जाते आणि तिथून समजुतींचा खेळ सुरू होतो. महाराष्ट्रात आजही अनेकजण यामाहा आरएक्स 100 ला खाचांचे टायर आणि मोठं मागचं स्प्रॉकेट लावून मातीत पळवतात. भारतात ही गाडी 1985 ते 1996 या काळात बनली. म्हणजे आज धावणारं यातलं प्रत्येक इंजिन पंचवीस वर्षांहून जुनं आहे. काहींकडे वायझेड 125 सारख्या पाण्याने थंड होणाऱ्या खास मोटोक्रॉस गाड्याही आहेत. दोन्हींत पिस्टन धरण्याचं मूळ एकच आहे.

आरएक्स 100 चा बोर 50 मिमी आणि स्ट्रोकही 50 मिमी. मिनिटाला 7500 फेऱ्यांवर तिचा पिस्टन सेकंदाला 125 वेळा वर-खाली होतो, म्हणजे सरासरी सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने घासत असतो. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीत अंतर असतं जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि लायनर बिडाचा. तापमान तेवढंच वाढलं तरी ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. उष्णता हाताबाहेर गेली की हे अंतर संपतं, ऑइलचा पापुद्रा फाटतो आणि ॲल्युमिनियम भिंतीला चिकटतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक आणि पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलसोबतच येतं, आणि आत शिरणारं ताजं पेट्रोल पिस्टनला थंड ठेवायलाही मदत करतं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की वंगण आणि थंडावा दोन्ही एकदम घटतात.

गैरसमज 1 : किक जात नाही, म्हणजे पिस्टन धरला.

वस्तुस्थिती : किक अडकायला इतरही कारणं असतात. किकचा गिअर अडकलेला असू शकतो, गिअरबॉक्स किंवा क्रँकचं बेअरिंग फुटलेलं असू शकतं, किंवा कार्बोरेटरची सुई बसली नाही म्हणून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं. म्हणून आधी प्लग काढा. पेट्रोल भरलेलं असेल तर ते बाहेर पडेल आणि किक मोकळी होईल. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मॅग्नेटचं झाकण काढा आणि मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हलक्या हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. मॅग्नेट फिरतं पण किक अडते, तर दोष किकच्या यंत्रणेत किंवा गिअरबॉक्समध्ये. मॅग्नेटच हलत नसेल, तर सायलेन्सर सोडून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने आत पाहा. पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या की निदान पक्कं. पिस्टन स्वच्छ दिसतो आणि तरी क्रँक हलत नाही, तर संशय क्रँकच्या किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यायचा. ही सगळी तपासणी हेड न उघडता होते.

गैरसमज 2 : थंड झाल्यावर इंजिन सुटलं, म्हणजे काही बिघडलं नाही.

वस्तुस्थिती : थंड झाल्यावर पिस्टन आकसतो, म्हणून सुटतो. भिंतीला लागलेलं ॲल्युमिनियम मात्र तिथेच राहतं. पिस्टनच्या कडेचं वितळलेलं ॲल्युमिनियम रिंगेवर चढून रिंग खाचेत अडकवतं. अशी रिंग भिंतीला नीट टेकत नाही. जळालेला वायू तिच्या बाजूने खाली उतरतो आणि पिस्टन पूर्वीपेक्षा जास्त तापतो. अशी गाडी चालू होते, थोडी ओढही देते, पण पुढच्या लांब चढावर किंवा सरळ पट्ट्यावर पुन्हा धरते. दुसऱ्या वेळी नुकसान मोठं होतं. इंजिन एकदा धरलं की हेड आणि ब्लॉक उतरवायलाच हवेत.

गैरसमज 3 : गिअरमध्ये टाकून ढकला किंवा वरून हातोडा मारा, सुटेल.

वस्तुस्थिती : टू-स्ट्रोकचा क्रँक एका अखंड तुकड्याचा नसतो. दोन चाकं आणि मधली पिन दाबून बसवून तो तयार होतो. गाडीचं वजन लावून ढकललं की तो पिनवर मुरडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग शंभर-दोनशे रुपयांच्या ऑइलने सुटणारं काम क्रँकपर्यंत जातं.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तर बहुधा गंज असतो. सायलेन्सरमधून किंवा उघड्या कार्बमधून ओल शिरते आणि रिंगा बिडाच्या लायनरला धरतात. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं ऑइल, किंवा डिझेलमध्ये थोडं गिअरबॉक्स ऑइल मिसळून ओता आणि दोन-चार दिवस थांबा. रोज थोडं घाला, मॅग्नेटचा नट थोडा मागे-पुढे करून पाहा. तरीही हलला नाही तर हेड काढा आणि पिस्टनच्या माथ्यावर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर कधीच नको.

गैरसमज 4 : ऑइल कमी पडलं, म्हणून धरलं. आता दुप्पट टाका.

वस्तुस्थिती : ऑइल कमी पडल्याने इंजिन धरतं हे खरं, पण ते अनेक कारणांपैकी एक. कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट तोच ठेवून ऑइल वाढवलं की उलटाच धोका होतो. लिटरला 20 मिलीऐवजी 50 मिली टू-टी ऑइल टाकलं, तर जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल सुमारे 3 टक्क्यांनी कमी होतं. शिवाय मिश्रण दाट झाल्याने जेटमधून वाहतंही हळू. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं आणि प्लगवर काजळी बसते ती वेगळीच. उत्पादकाने सांगितलेलं प्रमाण पाळा. 40 ला 1 म्हणजे लिटरला 25 मिली, 32 ला 1 म्हणजे सुमारे 31 मिली. मोजण्यासाठी खुणांचं मापपात्र वापरा. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतलं की प्रत्येक टाकीला प्रमाण बदलतं.

गैरसमज 5 : कार्ब साफ आहे, त्यामुळे पेट्रोल कमी पडायचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : टू-स्ट्रोकचं क्रँककेस पंपाचं काम करतं. कार्बची रबरी नळी तडकली, ब्लॉकखालची पॅकिंग फुटली किंवा क्रँकचं ऑइल सील कडक झालं की बाहेरची हवा थेट आत ओढली जाते. ती हवा कार्बमधून येत नसल्याने तिच्यासोबत ना पेट्रोल येतं ना ऑइल. जुन्या इंजिनात हा दोष फार आढळतो. थ्रॉटल सोडल्यावरही फेऱ्या लगेच खाली न येणं, हे त्याचं ओळखीचं लक्षण. खात्रीसाठी कार्ब आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत सुमारे 6 पीएसआय दाबाची हवा भरतात आणि साबणाच्या पाण्याने जोड तपासतात. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त दाब घटला तर गळती आहेच. भरताना 6 पीएसआयहून जास्त दाब देऊ नये, नाहीतर चांगलं सीलही उलटतं.

यात हवामान आणि इंधनाची भर पडते. मे महिन्यात 40 अंशांना जेट ठरवलेली गाडी डिसेंबरच्या 12 अंशांच्या सकाळी ट्रॅकवर आली, तर हवा साधारण 10 टक्के दाट असते, म्हणजे तेवढंच पेट्रोल तिला कमी पडतं. महाबळेश्वरच्या उंचीवर जुळवलेली गाडी कोकणात उतरवली तरी हेच होतं. शिवाय आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणून तेवढ्याच हवेसाठी या पेट्रोलाचं प्रमाण जुन्यापेक्षा साधारण 7 ते 8 टक्के जास्त लागतं. तीस वर्षांपूर्वी ठरवलेला मेन जेट आज त्याच इंजिनाला अपुरा पडू शकतो. जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहणं हा स्वस्त उपाय आहे.

गैरसमज 6 : पिस्टन खराब झाला, फेकून द्या.

वस्तुस्थिती : धरलेला पिस्टन हा रोगाचा पुरावा आहे. पुसण्याआधी, घासण्याआधी तो उजेडात नीट पाहा. रेघा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील, तर पेट्रोल कमी पडलं किंवा अति तापलं. रेघा इनटेकच्या बाजूला जास्त असतील, तर ऑइल कमी पडलं. चार कोपऱ्यांवर चार उभे पट्टे असतील, तर थंड इंजिन एकदम तापवलं गेलं. पिस्टन झपाट्याने फुगला, लायनर मागे राहिला. माथ्याची कड वाळू मारल्यासारखी खडबडीत दिसली, तर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकत होतं. माथ्याच्या मधोमध भोक पडलं असेल, तर चुकीच्या हीट रेंजचा प्लग, पुढे गेलेलं टायमिंग किंवा फार कमी पेट्रोल यांपैकी काहीतरी आहे. इनटेकची बाजू झिजून मळकट, रवाळ झाली असेल, तर एअर फिल्टर धूळ आत सोडतो आहे. मातीत चालणाऱ्या गाडीत हे कारण सर्रास दिसतं.

गैरसमज 7 : बोरमध्ये रेघा पडल्या, ब्लॉक गेला.

वस्तुस्थिती : बऱ्याच रेघा म्हणजे भिंतीवर चढलेलं ॲल्युमिनियम असतं, खोदलेली खाच नसते. नखाने तपासा. बिडाच्या लायनरवरचं ॲल्युमिनियम कास्टिक सोड्याच्या द्रावणाने विरघळतं. मात्र तेच द्रावण ब्लॉकचं ॲल्युमिनियमही खातं, म्हणून कापसाच्या बोळ्याने फक्त डागापुरतं लावायचं, तेही हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्या हवेत. त्यानंतर बोर गेजने वर, मध्ये आणि खाली माप घ्यायचं. झीज मर्यादेबाहेर असेल, तर लेथवाल्याकडून बोर मारून पुढच्या ओव्हरसाइजचा पिस्टन घालायचा. हे टप्पे साधारण 0.25 मिमीचे असतात. बोर मारल्यावर पोर्टच्या धारदार कडा घासून गोल करायला विसरू नका, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते.

आधुनिक मोटोक्रॉस गाड्यांच्या सिलिंडरला बिडाचा लायनर नसतो. ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, अतिशय कठीण थर असतो. या थरावर बोर मारायचा नसतो. तो शाबूत असेल तर साफ करून वापरता येतो, सोलला असेल तर पुन्हा प्लेटिंग किंवा नवा सिलिंडर हाच मार्ग.

गैरसमज 8 : नवा पिस्टन बसला, काम संपलं.

वस्तुस्थिती : ॲल्युमिनियमचे कण क्रँककेसमध्ये पडलेले असतील तर ते क्रँकचं बेअरिंग खातात. केस धुवा, रॉड वर-खाली हलवून बेअरिंग ढिलं आहे का ते पाहा. नव्या रिंगा आधी मोकळ्या बोरमध्ये सरळ बसवून रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीचं माप घ्या. 50 मिमी बोरला ती साधारण 0.2 मिमी असते, पण प्रमाण मानावा तो गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनच्या सर्कलिप नेहमी नव्याच लावा, जुनी सुटली तर पूर्ण बोर खरवडते.

सुरुवातीला इंजिन दोन-तीनदा चालवून पूर्ण थंड होऊ द्या. मग फेऱ्या कमी-जास्त करत चालवा, तासभर एकाच वेगावर नको. रोज निघण्याआधी इंजिन गरम होऊ द्या. लांब घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिनावर गाडी रोखू नका. फेऱ्या जास्त आणि पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद. अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा द्या.

पिस्टन बदलणं हे दुरुस्तीचं अर्धं काम आहे, तो का धरला हे शोधणं उरलेलं अर्धं. पुढच्या वेळी गाडी गॅरेजला द्याल तेव्हा जुना पिस्टन न पुसता परत मागा, मेकॅनिकसोबत उजेडात बसून पाहा आणि कारण सापडल्याशिवाय नवा पिस्टन बसवू देऊ नका.